अंड्यांची गाडी

गोष्ट सुरू होते ती वेल्डिंगचे रॉड आणण्यापासून. हसू नका. तुम्हाला भूत म्हटलं की पांढरे कपडे आणि उलटे पाय हवे असतात. यात तसलं काही नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो मिस्त्री माझ्या शेजारच्या शेडमध्ये तीस वर्षं काम करत होता. त्याला थापा मारता येत नसत. गिऱ्हाइकाला ‘उद्या देतो’ एवढं खोटंही त्याच्या तोंडून निघायचं नाही.

लढाईचे दिवस होते. आपल्याकडे रणगाडे कुठले? होत्या त्या लोकांच्या पिकअप गाड्या. भाजीच्या, सिमेंटच्या, पाण्याच्या. त्या मिस्त्रीकडे यायच्या. तो मागचा पत्रा कापायचा, खाली चॅसीला लोखंडी पट्ट्या जोडायचा आणि त्यांवर मशीनगनचं स्टँड उभं करायचा. चारी बाजूंनी सलग वेल्डिंग. गन आडवी फिरवून झाडली की सगळा हिसका त्या जोडावर येतो. जोड कच्चा असला की स्टँड उपटतं, आणि गाडीही कलंडते.

त्या दिवशी तीन गाड्या होत्या. तिसरी घरचीच. मिस्त्रीचा एकुलता एक पोरगा तिच्यातून अंडी पोचवायचा. दारावर कोंबडीचं चित्र, आणि पोराचा हात असा की घाट उतरताना एक अंडं फुटायचं नाही. आता गाडीसकट त्यालाही बोलावणं आलं होतं. मिस्त्रीने परक्यांच्या दोन गाड्या आधी पक्क्या केल्या. घरचं काम मागे, ही त्याची जन्माची खोड. त्याच्या स्वतःच्या दाराची कडी सहा वर्षं तुटकी होती. पोराच्या स्टँडला त्याने कोपऱ्यांवर नुसते चार टाके मारले, जागेवर उभं राहण्यापुरते, आणि रॉड संपले.

“मी पुडा घेऊन येतो. तोवर हलू नकोस.”

“हलतोय कशाला, बाबा? चहा पितो तोवर.”

दुकान बंद होतं. दुकानदाराच्या घरी जाऊन, त्याला उठवून मिस्त्री पुडा घेऊन परत आला तर शेड रिकामी. हुकूम आला होता, तिन्ही गाड्या निघून गेल्या होत्या. चहा अर्धाच प्यालेला.

पोरगा परत आला नाही. टेकडीवर गाडी उलटली, एवढंच कळलं. सोबत्यांनी अंधारात त्याला कसंबसं ओढून आणलं आणि तिथल्याच मातीत ठेवलं. गाडी दोन्हीकडच्या गोळीबाराच्या मधोमध पडून राहिली. तिकडून येईल त्याला मिस्त्री एकच विचारायचा, “स्टँड उपटलं होतं का हो?” कुणी बघितलं नव्हतं. टाक्यांचं त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. घरात तिच्या समोर बसवेना, म्हणून शेडमध्येच झोपायला लागला.

गाडी उलटल्यापासूनची सतरावी रात्र. मंगळवार. पावणेदोन वाजले होते.

बाहेर इंजिनाचा आवाज आला. गाड्या त्याला कानाने ओळखता यायच्या. ही कुठली, हे त्याला गल्लीच्या तोंडाशीच कळलं.

गाडी उलटी घेत शेडमध्ये शिरली. पोरगा नेहमी तशीच लावायचा. दिवे बंद. खिडकीची काच खाली. खिडकीवर… कोपर.

“बाबा…”

मिस्त्री अंथरुणावर उठून बसला.

“बाबा, पक्कं करायचं राहिलंय.”

मी त्याला नंतर विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाला, “वाटली ना. पहिला रॉड पेटेपर्यंत.”

त्याने जनरेटर चालू केला. डोळ्यांपुढे काळी काच धरली. मागे चढला आणि एक बाजू भरून घेतली. जोडाला हात लावून बघितलं. लोखंड तापलं नव्हतं. थंडगार.

दुसरी बाजू. डोळ्यांपुढची काच खाली केली की खिडकीवरचं कोपर दिसायचं. तसंच. हलत नव्हतं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. काम चालू आहे तोवर पोरगा बसून आहे.

मग त्याने हात आवरला. इतकं सावकाश काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. तिसरी बाजू. चौथी. पुडा सरत आला. काळ्या काचेआड मिस्त्री रडत होता.

शेवटचा रॉड उरला. जागा राहिली होती दोन बोटं.

“बाबा… झालं?”

मिस्त्रीने रॉड टेकवलाच नाही.

“झालं का, बाबा?”

“थोडं राहिलंय रे. बस जरा.”

पुढे चावी खुळखुळली.

“बस ना, बाळा. थोडंच…”

इंजिन सुरू झालं. मिस्त्री उडी टाकून खिडकीशी धावला. कोपरावर हात ठेवला.

हाताला… काहीच लागलं नाही.

सकाळी जमिनीवर चाकांचा माग नव्हता. बायको म्हणाली, “जागरणाने होतं हो असं.” मग दोघंही रडली, आणि तेव्हा कुठे त्याने तिला टाक्यांचं सांगितलं. तिने त्याला दोष दिला नाही. त्याचं त्यालाच फार लागलं.

चार दिवसांनी लढाई थांबली आणि टेकडीवरची गाडी ओढून आणली. एकवीस दिवस तिला कुणाचा हात लागला नव्हता. संध्याकाळ उलटली होती, टॉर्च मीच धरला होता. टप चेपलेला, काचा फुटलेल्या, दारावर अर्धी कोंबडी. आणि मागे स्टँड सरळ उभं.

“जोड काही सुटला नाही,” ओढून आणणारा म्हणाला. “पक्कं काम हो तुमचं, मिस्त्री.”

मिस्त्री मागे चढला आणि गुडघ्यांवर बसला. जोडावरून बोट फिरवत गेला. चार टाके नव्हतेच तिथे, सलग वेल्डिंग होतं. एक बाजू, दुसरी, तिसरी.

चौथ्या बाजूला त्याचं बोट थांबलं. मी टॉर्च जवळ नेला. दोन बोटं जागा मोकळी होती.