सरहद्दीजवळचं स्टेशन

गाडीतून उतरल्या उतरल्या जयवंतीने पाय धुतले. फलाटावर बादली भरलेली होती, आणि अंगभर वाळू. वसईजवळच्या गिरीजच्या बागायती वाडीत वाढलेली पोर ती. पाणी दिसलं की पाय धुवायचे, त्यात विचारायचं काय?

“संपलं?” मागून कुणीतरी मराठीत विचारलं.

वळून बघते तर रेल्वेच्या गणवेशातला तरुण, हातात रिकामा माठ.

“पाणी... तुमचं होतं?”

“दोन दिवसांचं. टँकर आता परवाच्या गाडीला.”

शरमेने तिचे कान तापले. “मग अडवलं का नाही?”

“अडवायलाच आलो होतो—” तो थांबला. “विसरलो.”

हा तिच्याच वसईकडचा, आगाशीचा तुळशीदास. जयवंतीचा भाऊ मधू इथे स्टेशनमास्तर, आणि हा त्याचा सहाय्यक. साल ब्याऐंशी. बाडमेरच्याही पुढचं, दहा-बारा घरांचं गाव. पासष्टच्या लढाईपर्यंत इथून गाड्या थेट सिंधमध्ये जायच्या. आता पुढचे रूळ वाळूत बुडालेले.

अनसूयावहिनीला मधूकडे पोचवून जयवंती पंधरा दिवसांत परतणार होती. पण संध्याकाळी त्या मेलेल्या रुळांवरून तिघं फिरायला निघत, वहिनी मागे रेंगाळे आणि तुळशीदास विचारी, “करमतं का?”

“छे! मुळीच नाही,” ती म्हणे. मग रात्रभर स्वतःलाच विचारी, खोटं का बोलले?

चौदाव्या दिवशी तिने मधूला सांगून टाकलं, “दादा, वहिनीला एकटीला जमायचं नाही. मी महिनाभर राहते.”

दुसऱ्याच दुपारी तुळशीदास कागद घेऊन आला. “बदली झाली. वसई रोड. तीन वर्षांपूर्वीचा अर्ज...”

“बरं झालं की,” ती म्हणाली. डोळे का भरले, तिलाच कळेना. “मी मात्र इथेच आहे.”

“मधूने सांगितलं मला. हुकूम परत पाठवू?”

“मला काय विचारता?”

“मग कुणाला विचारू?”

ती पदराचं टोक पिळत राहिली. “जा तुम्ही. बाबा... संध्याकाळी वाडीतच असतात. त्यांना विचारा.”

“काय विचारू?”

“तेही मीच सांगायचं?”

तो हसला, आणि पुढच्या गाडीने गेला.

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात बाबांचं पत्र आलं. मुलगा पसंत आहे, जयूचं काय म्हणणं, कळवा.

मधू चक्रावला. “हे कधी ठरलं गं?”

वहिनी हसू दाबत चुलीकडे वळली. जयवंतीला खरंच सांगता येईना. “मला कुठे ठाऊक, दादा,” ती पुटपुटली. “पण... हो म्हणून लिही.”