काचेवरची हळद

तळेघरच्या फाट्यावर धुकं इतकं दाट होतं, की शेजारी कुणी उभं आहे हे प्रज्ञाला त्याच्या खोकण्यावरून कळलं.

"मंचरची गाडी गेली का हो?" तिने विचारलं.

"गेली. पुढची दोन तासांनी... आली तर."

१९९९चा ऑगस्ट. डॉ. प्रज्ञा पुण्यात रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करायची. बऱ्या झालेल्या एका रुग्णाला पाहायला ती डोंगरात आली होती. शेजारच्या माणसाच्या हातातली रक्ताच्या नमुन्यांच्या काचपट्ट्यांची लाकडी पेटी तिने लगेच ओळखली. मंचरच्या लॅबमधून तशीच पेटी दर आठवड्याला तिच्या टेबलावर यायची.

"काचेवर पेन्सिलीने 'रा' लिहिणारे... तुम्हीच?"

"राजरत्न. का, काही चुकलं?"

"उलट! रक्ताचा थर इतका एकसारखा कुणीच पसरवत नाही. आणि थराची ती निमुळती शेपटी..."

"माझी शेपटी आजवर कुणी वाखाणली नव्हती, मॅडम."

हसत हसत दोघं डिंभ्याच्या दिशेने चालू लागली. बाजूला नाचणी ओली होऊन वाकली होती. प्रज्ञा म्हणाली, आपल्या हातून थराची कड नेहमी जाड येते; पसरवायची काच चांगली मिळतच नाही. मागून गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा दोघांनाही वाईट वाटलं.

मग पेटीतून काचांबरोबर चिठ्ठ्या येऊ लागल्या. जानेवारीत एक चिठ्ठी आली — 'आठ दिवस रजेवर आहे. काचा दुसरं कुणी करील. कारण भेटल्यावर सांगतो.' सोबतच्या एका काचेच्या कडेला पिवळा डाग होता. प्रज्ञाने साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवला. डाग लाल झाला.

हळद. आणि आठ दिवसांची रजा.

नवरीचा चेहरा माहीत नव्हता, म्हणून तिने तो मनातच बनवला. लांब केस, गोल भाकऱ्या, हसताना पदर तोंडाला. मग आठ दिवस तिचा मनसोक्त राग केला. दरम्यान नवीन काचा आल्या, गचाळ, थर कुठे जाड कुठे फाटका. "तिच्याच हातच्या!" प्रज्ञाने ठरवून टाकलं.

नवव्या दिवशी डागाळलेली काच रुमालात बांधून ती एसटीने मंचरला उतरली.

लॅब झाडणारी झुंबरबाई उंबऱ्यात बसली होती. तिने आत हाक मारली. राजरत्न बाहेर आला. अंगठ्याला हे एवढं बँडेज.

प्रज्ञाने काच टेबलावर ठेवली. "लग्न झालं तर निदान हात धुऊन नमुने करावेत माणसाने."

"लग्न? कुणाचं?"

"ही हळद आपोआप लागली का?"

"आगं बया!" झुंबरबाई उठलीच. "हळद म्या लावली, डाक्टरीणबाई! काच घासता घासता आंगठा फाडून घेतला ह्यानं. रगात थांबंना. तरी हातातलं काम पुरं करूनच टाकं घालाया गेला. लई हट्टी!"

प्रज्ञाचे कान तापले. "कसली काच घासत होता?"

राजरत्नाने खणातून कापसात गुंडाळलेली काच काढली. दोन्ही कोपरे छाटलेले, कड दगडावर घासून गुळगुळीत केलेली. "तुमची कड जाड येते म्हणाला होतात. तीन फुटल्या, चौथी जमली. ही पेटीतून पाठवायची नव्हती... हातात द्यायची होती."

"आणि मधले ते भयंकर थर?"

"आमच्या साहेबांचे. सांगू नका त्यांना."

तिने काचेच्या कडेवरून बोट फिरवलं. कुठेही बोचत नव्हतं.

"चाचणी बरोबर होती," ती खाली बघत म्हणाली. "निष्कर्ष चुकला."

"चुकला कशाला?" तो हळूच म्हणाला. "जरा... लवकर निघाला, एवढंच. तुमची हरकत नसेल तर."

झुंबरबाई खराटा घेऊन उगाचच अंगणात गेली.

प्रज्ञा हसली. त्या नवरीवर आठ दिवस केलेल्या रागाचं आता काय करायचं, तेच तिला कळेना.