स्वस्तिकाखालचा भोवरा

"आबा, आईच्या विमानाला तडा गेलाय की नाही, एवढंच सांगा. कीर्तन नको."

शर्वाणी विमानाच्या पंखाशी उभी होती. बेटावरच्या रुग्णांना आणायला आई थोड्याच वेळात हेच विजेवरचं विमान उडवत निघणार होती. आणि पंखावरून चाचणीची लेखणी फिरवताच तिला जोडलेल्या पडद्यावरचा ठिपका जागचा हलला होता. नेमका तिथे, जिथे आई दर दसऱ्याला तेलरंगाचं स्वस्तिक काढायची.

"थरावर थर चढलेत रंगाचे, दुसरं काय," आई म्हणाली. "बाबा, निघते मी."

"थांब जरा." आबा धातुशास्त्रज्ञ, आणि कीर्तनाचे वेडे. ते नातीकडे वळले. "पूर्वरंग चुकवून एकदम आख्यानाला बसलं की असा गोंधळ उडतो. आधी तत्त्व, मग गोष्ट."

"मग गोष्ट," झील्याने मागून झील धरली. या यंत्रमानवाला ती खोड आबांनीच लावली होती.

"लेखणीत वेटोळं (गुंडाळलेली तार) आहे," आबा सांगू लागले. "त्यातली वीज सारखी दिशा बदलते, म्हणून भोवतीचं चुंबकीय क्षेत्रही बदलतं. ते पंखाच्या धातूत आवर्त प्रवाह (भोवऱ्यासारखी गोल फिरणारी वीज) उठवतं. वाटेत तडा आला तर?"

"ओढ्यातल्या दगडाला पाणी वळसा घालतं, तशी वीज वळेल."

"आणि वेटोळ्याला ते कळतं. पण रंगामुळे लेखणी धातूपासून उचलली गेली, तरी भोवरे मंदावतात आणि ठिपका हलतो."

"मग रंग खरवडू या."

"तेवढा वेळ कुठे आहे? आणि तडा आतल्या अंगाला असला तर? खरवडूनही दिसायचा नाही. म्हणून संगणकात पंख रचायचा आणि त्याचे बारीक तुकडे पाडायचे. एकेका तुकड्याचं गणित सोपं. फक्त प्रत्येकाचं उत्तर शेजाऱ्याशी जुळायला हवं. ही सांत घटक पद्धत (तुकड्यांच्या गणितातून अख्खी वस्तू समजून घेण्याची रीत)."

"टाळकरी शेजारच्याचा ठेका ऐकत वाजवतात, तसं?"

"अगदी तसं. आणि जिथे प्रवाह झपाट्याने बदलतो, तिथे तुकडे आणखी बारीक."

"आणखी बारीक," म्हणत झील्याने गणित मांडलं. नुसता रंग असेल तर ठिपका डावीकडे आडवा सरकतो, तडा असेल तर वर चढतो, असं उत्तर आलं.

शर्वाणीने लेखणी पुन्हा फिरवली. या वेळी सावकाश. ठिपका डावीकडे सरकला. आई हसली. पण तेवढ्यात शेवटाला त्याने वर बारीकशी उसळी घेतली.

"आई, तुझं खरं आहे, रंग जाड आहे," शर्वाणी म्हणाली. "पण त्याच्याखाली तडाही आहे."

आईने पडद्याकडे पाहिलं, हातातलं शिरस्त्राण खाली ठेवलं आणि शेजारच्या तळावरचं विमान बोलावलं. रुग्ण सुखरूप आले. पंख उघडला, तर आतल्या बाजूने, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटपाशी केसाएवढी चीर निघाली.

"पुढे प्रत्येक विमान स्वतःच्या पोटात असं गणित बाळगेल," आबा म्हणाले. "दुखलं की स्वतःच सांगेल. ते तू कर."

पंखाला नवा पत्रा बसला. आईने ब्रश उचलला, तशी शर्वाणी आडवी आली.

"आधी लेखणी फिरवू दे. आणि स्वस्तिक पातळ काढ हं, या खेपेला."

"पातळ काढ," झील्या म्हणाला.