सातवा तुकडा

त्र्याहत्तर सालचा मार्च. राजूरहून नगरला निघालेली आमची एस.टी. अकोले गावाच्या अलीकडेच वाफा सोडत थांबली. रेडिएटर कोरडा, आणि त्या दुष्काळात पाणी आणायचं कुठून? ड्रायव्हर डबा घेऊन विहीर शोधायला गेला.

मी बाभळीखाली एकच इंग्रजी शब्द घोकत होते. वनस्पतिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत गेल्या वर्षी त्याच्यावरच अडखळून नापास झाले होते. यंदा नापास, तर कॉलेज बंद... वडिलांनी बजावलं होतं.

"पोरी, कोनाला शाप देती गं?" शेजारच्या सीटवरच्या बनुबाईंनी विचारलं.

मागे कुणीतरी हसलं. हातात मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या, उन्हाने रापलेला चेहरा.

"इव्हॅपोट्रान्स्पिरेशन ना? जमिनीतून आणि पानांतून पाणी उडून जातं, ते."

"अर्थ येतो मला," मी फणकारले. "जीभ वळत नाही."

"मग सबंध गिळू नका. इ – व्हॅ – पो – ट्रान् – स्पि – रे – शन. पावलाला एक तुकडा. जोर 'रे'वर. चाला बघू!"

"मास्तर आहात का?"

"छे! सुमंत. मातीची तपासणी करतो. मीही याच शब्दावर आपटलोय एकदा."

मी चालू लागले. तेही शेजारून, माझ्या पावलाला पाऊल लावत.

"अगं बया," बनुबाई ओरडल्या, "नवरा-नवरीवानी चाललीत की!"

माझे कान तापले. 'रे'वर सहावं पाऊल पडलं, आणि तेवढ्यात हॉर्न वाजला. मी धावत गाडीत चढले.

परीक्षकांसमोर टेबलाखाली पाय हलवत मी तो शब्द म्हटला. एका दमात.

निकालानंतर राजूरच्या बाजारात ते दिसले. वांगी निवडत होते, तीही किडकी.

"जमला शब्द?"

"जमला. पास झाले."

"मग चेहरा असा का?"

"त्या दिवशी सहाच पावलं झाली... एक राहिलं."

त्यांच्या हातातलं वांगं टोपलीत पडलं. "ते... तुमच्या वडिलांना विचारून टाकू या?"

"विचारा. आणि भाजी मला घेऊ द्या."

पुढच्या वर्षी लग्न झालं. धान्य महाग, सप्तपदीला तांदळाच्या राशी चिमूट-चिमूटच. सहाव्या राशीवर हे माझा हात धरून मुद्दाम थांबले. गुरुजी मंत्र थांबवून बघत राहिले.

मी सातवं पाऊल टाकलं आणि यांच्या कानाशी म्हणाले, "शन."