दोनदा मारलेली हाक

ती खुर्ची माझी होती. तिच्यावर नाव नव्हतं, पण अख्ख्या अभ्यासवर्गाला ते ठाऊक होतं. दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही बायबल वाचायला जमायचो. खुर्च्या गोलात मांडल्या जायच्या, आणि चहाच्या खोलीच्या दाराजवळची माझ्यासाठी सुटायची. किटलीची शिट्टी ऐकू यायला हवी ना! आणि त्या दिवशी पाहते तर काय, तिथे एक अनोळखी तरुण मांडीवर बायबल उघडून ऐसपैस बसलेला. बाहेर पाऊस पडून गेला होता, आणि मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्याच्या बुटांची रांगोळी उमटली होती.

"ती माझी खुर्ची आहे," मी म्हणाले.

"नाव दिसत नाही कुठे."

"नाव नाही, किटली आहे. आत. चहा उतू गेला तर तुम्ही उठणार का?"

तो उठला. पण बसला शेजारच्याच खुर्चीवर, आणि – अजून आठवलं की गाल गरम होतात – हसला.

चौकातल्या चष्म्याच्या दुकानात नजर तपासायला नवा माणूस आलाय, असं ऐकलं होतं, तो हाच. वर्गात त्याचं नाव चष्मेवाला पडलं. मला तर लहानपणापासून सगळे मुंगीच म्हणत. दिवसभर आत्याच्या शिवणाच्या दुकानात मशीन, संध्याकाळी घरी बाबांची औषधं नि पथ्यपाणी. आई गेल्यापासून घराचा गाडा माझ्याच खांद्यावर होता. दोन घटका वर्गाला यायचे, तिथेही माझा एक कान किटलीकडे.

वर्ग घ्यायच्या त्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांचे नियम दोनच. ओळीत आहे तेवढंच वाचा, पदरचं घालू नका. आणि कुणाचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी ते त्याच्याच तोंडावर नीट सांगा. तो "हो, हेच" म्हणाला की मग तुमची पाळी. या दुसऱ्या नियमापुढे भलेभले गार पडायचे. अर्धी भांडणं "हो, हेच"पर्यंत पोचता पोचताच विरघळायची.

आमचं मात्र विरघळायचं नाही. त्याने एक म्हणावं, मी दुसरं. नियमापायी त्याला माझं बोलणं कान देऊन ऐकावं लागे, आणि मला त्याचं. तिथेच घात झाला. इतकं मन लावून कुणी माझं ऐकल्याची मला सवयच नव्हती.

सुईत दोरा ओवताना डोळे चुरचुरायला लागले, म्हणून एकदा त्याच्या दुकानात गेले. त्याने ती जड फ्रेम माझ्या नाकावर चढवली आणि भिंगं बदलत विचारू लागला.

"हे स्पष्ट, की हे?"

"पहिलं."

"आणि आता... हे, की हे?"

"दोन्ही सारखीच."

"नीट बघा."

"बघतेच आहे," मी म्हणाले, आणि लक्षात आलं की मी भिंतीवरच्या अक्षरांकडे नाही, त्याच्याकडे बघतेय. त्यालाही ते कळलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या बिचाऱ्याच्या.

"नजर उत्तम आहे," तो भिंगं पुसत पुटपुटला. "झोप तेवढी कमी पडतेय."

मग एका बुधवारी मार्था आणि मरीयेची गोष्ट आली. येशू त्यांच्या घरी येतो. मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसते, मार्था एकटी राबते आणि शेवटी तक्रार करते, तर समजावणी होते ती तिचीच. मला ही गोष्ट कधीच सोसली नाही.

"सगळेच पायाशी बसले तर पाहुण्यांना वाढणार कोण?" माझा आवाज चढला. "राबायचं तिने, आणि वर ऐकूनही घ्यायचं तिनेच!"

चष्मेवाल्याने हात वर केला. बाई म्हणाल्या, "आधी तिचं."

"मुंगीचं म्हणणं असं..." तो माझ्याकडे वळला. "की मार्था दमली आहे. तिलाही बसावंसं वाटतं. पण 'बस' म्हणायला सगळे तयार, 'चुलीकडे मी बघतो' म्हणायला कुणी नाही."

मला "हो, हेच" म्हणायचं होतं. पण मी नुसती मान हलवली.

"आता माझं," तो हळूच म्हणाला. "तो तिला हाक मारतो ती दोनदा. मार्था, मार्था. रागावलेला माणूस एकदाच ओरडतो. दोनदा हाक... जीव असला की मारतात."

"हे ओळीत आहे, की पदरचं?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"दोनदा आहे ते ओळीत आहे, बाई. जीवाचं... पदरचं."

सगळे हसले. तेवढ्यात किटलीने शिट्टी मारली. मी उठणार, तर तो आधीच दारात. "बसा," म्हणाला, "मी बघतो." त्या खोलीत मी पहिल्यांदाच बसून चहा प्यायले. पांचट होता, साखर नावालाही नव्हती. मला तो फार आवडला.

वर्ग सुटल्यावर मी कप धुवत होते आणि तो पुसत होता.

"दादाचं बोलावणं आलंय," तो एकदम म्हणाला. "त्याने त्याच्या गावी मोठं दुकान घेतलंय. मला तिथे ये म्हणतो. रविवारपर्यंत कळवायचंय." कप केव्हाच कोरडा झाला होता, तरी तो पुसतच राहिला. "तिथे सगळं आहे, मुंगी. पण मला खुर्ची हवी आहे ती इथली. तुझ्या शेजारची. कायमची. तू... काय म्हणतेस?"

तू! पहिल्यांदाच. पण माझ्या कानात घुमत होतं ते एकच, दुसरं गाव. डोळ्यांपुढे बाबा आले, त्यांच्या औषधांच्या बाटल्या आल्या.

"मला नाही जमायचं," मी तोडून टाकलं. "बाबांना टाकून मी कुठेही येणार नाही. तुम्ही खुशाल जा."

"नियम," तो म्हणाला.

"कसला नियम?"

"आधी माझं म्हणणं सांग. मग खोड."

असा राग आला मला! "तुमचं म्हणणं असं, की मी घरदार सोडून तुमच्यामागे यावं."

"नाही. हे पदरचं."

नळ वाहतच होता. त्याने हात लांब करून तो बंद केला. खोलीत एकदम शांत झालं.

"मुंगी, मुंगी," तो म्हणाला. "परत सांग ना."

दोनदा. माझा सगळा ताठा तिथेच गळाला. तो काय म्हणाला होता ते मी एकेक शब्द आठवू लागले, बाई ओळ पुन्हा वाचायला लावायच्या तशी.

"तुझं म्हणणं असं..." माझंही 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं. "दादाने बोलावलंय. पण तुला खुर्ची हवी आहे ती... इथली."

"कुणाच्या शेजारची?"

"माझ्या."

"आणि बाबांचं काय म्हणालो?"

"काहीच नाही म्हणालास."

"मग त्यांना सोड, असंही नाही म्हणालो."

"म्हणजे तू मला ने म्हणत नाहीयेस. तू विचारतोयस... मी इथे राहू का."

"हो," तो म्हणाला. "हेच. आता तुझी पाळी."

मी ओले हात त्याच्याच हातातल्या फडक्याला पुसले. मग ते तिथेच राहिले.

"राहा," मी म्हणाले. "खोडण्यासारखं काही नाही."

बाहेर बाई मोठ्याने खाकरल्या. "दिवा मालवून या रे," म्हणाल्या, आणि त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला. त्या किती वेळ तिथे उभ्या होत्या, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

बाई आता नाहीत. ती खोलीही पाडली. तिथे मोठं सभागृह आहे, आणि खुर्च्या ओळीत जमिनीला ठोकलेल्या. गोल करायची सोयच नाही. बाबा शेवटपर्यंत आमच्याजवळ होते, जावयाशी नियमाने वाद घालत. जाण्याआधी त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगा ऐकून घेतो हो." त्या बुधवारांची मला फार आठवण येते.

हे लिहीत असतानाच आतून हाक आली. "मुंगी!" एकदाच. म्हणजे चष्मा सापडत नसणार. स्वतः चष्मेवाला, आणि रोज शोधतो! मी जागची हलले नाही.

थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. "मुंगी, मुंगी... चहा केलाय. ये, बस."

हे इथेच टाकून जाते आहे. चहा पांचटच असणार.