दुवेमास्तरांची टकटक

इस्पितळाच्या ग्रंथालयातल्या ताई त्या दुपारी साध्याच कामाला बसल्या होत्या. त्यांचे भाऊजी वरच्या वॉर्डात होते. संध्याकाळी त्यांना हृदयाचं नवं औषध सुरू होणार होतं. म्हटलं, विकीवर त्याचं पान तरी वाचावं.

पान दुवेमास्तरांनी घडवलेलं. मास्तर म्हणजे इथलेच निवृत्त डॉक्टर. विकीवरच्या एकेका विधानापुढे ते छोटासा संदर्भ जोडत... लेखक, वर्ष, आणि दाबताच शोधनिबंधाचा गोषवारा उघडणारा दुवा. म्हणून ते दुवेमास्तर. ना प्रसिद्धी, ना मोबदला. “सांगोवांगी औषध द्यायचं नसतं, ताई,” म्हणायचे. अंथरुणाला खिळल्यावरही, सलाइनच्या हाताने, त्यांचं काम चालूच होतं. असा चिकाटीचा माणूस ताईंनी दुसरा पाहिला नव्हता. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

वाचता वाचता खोली अंधारल्यासारखी झाली. कपाटांमागून कळफलकाची टकटक आली. दोन बोटांची, थांबत थांबत. मास्तर तसेच टंकायचे. पण त्यांचं तिथलं टेबल तर केव्हाच हलवलं होतं. मास्तर सतत चघळायचे त्या लवंगेचा मंद वास हवेत आला.

“कोण... कोण आहे?”

टकटक थांबली.

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. मघाशी ज्या एका विधानापुढे संदर्भ नव्हता, तिथे आता दुवा होता. बदल करणाऱ्याचं नाव मास्तरांचं. वेळ आत्ताची.

त्यांनी गोषवारा उघडला. संधिवाताच्या अमुक गोळ्यांबरोबर हे औषध दिलं, तर हृदय बंद पडू शकतं.

भाऊजी घरी त्याच गोळ्या घ्यायचे. ताई जिन्याने धावत सुटल्या. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी गोषवारा वाचला आणि भाऊजींकडे वळल्या.

“या गोळ्या घेता तुम्ही? बोलला का नाहीत?”

“गुडघ्याचं दुखणं ते! हृदयाच्या डॉक्टरला काय सांगायचं?”

औषध बदललं. भाऊजी बचावले.

ताई खाली परतल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. “मास्तर, धन्य आहात,” त्या रिकाम्या खोलीला म्हणाल्या.

कपाटांमागे पुन्हा टकटक झाली.

मेंदूच्या एका दुर्मिळ आजाराच्या पानावर नवा दुवा उमटला होता. ताईंनी तो दाबला. गोषवारा एकाच रुग्णाचा होता: ‘ग्रंथालयात काम करणारी महिला. पहिलं लक्षण, डाव्या करंगळीला मुंग्या.’

छापल्याचं वर्ष पुढचं होतं.

ताईंनी करंगळी हळूच अंगठ्याला घासून पाहिली. काहीच जाणवलं नाही... ना मुंग्या, ना अंगठा.