पलीकडचा डबा

नगरपालिकेच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत दुपारी बाराला डबा यायचा आणि त्यासोबत दहा मिनिटं विचारपूस. तसं फॉर्मवरच छापलेलं होतं. डबा आणणारी अर्शिया ती दहा मिनिटं हंबीररावांच्या खाटेशेजारी बसून काढायची. बीपी, झोप, पोट साफ. मग कालचा धुतलेला डबा घेऊन निघायची. हंबीरराव साताऱ्यातले, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, घरात एकटे. उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं ते या दहा मिनिटांची तयारी करत. दाढीसुद्धा त्यासाठीच.

मग बोळापलीकडच्या बंद खोलीत दादासो नावाचं कुणी राहायला आलं. हंबीररावांनी त्याला कधी पाहिलं नाही. दिसायची ती फक्त त्या दाराशी अर्शियाची चप्पल, आणि ती चाळीस मिनिटं हलायची नाही. हे घड्याळ लावून मोजलेलं होतं.

ती तिकडून परत जाताना त्यांनी तिला गाठलं. "तिकडं येवढा येळ काय करतीस गं?"

"आवं फौजीबाबा, ते रिकामा डबा कधी देत न्हाईत. बगा." तिनं झाकण काढलं. आत दोन कंदी पेढे. "मग लगेच उठावं वाटत न्हाई."

रिकामा डबा परत देऊ नये, हे हंबीररावांनाही आईनं शिकवलं होतं. पण पलटणीत चोवीस वर्षं डबाच नव्हता, ताट होतं, म्हणून राहून गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यात चार पेढे घातले. अर्शिया बारा मिनिटं बसली.

पलीकडं पन्नास.

"गोष्टी लय भारी सांगतात," ती तिकडून परत येताना म्हणाली. "बर्फात खेचराला ताप आला, तर यांनी आपलं ब्लँकेट त्याला दिलं आणि सोता कुडकुडत बसले."

हंबीररावांचा हात खाटेच्या कडेवर थांबला. ते खेचर त्यांचं होतं. ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती, कारण खेचर सकाळी मेलं होतं.

"मग? जगलं का?"

"जगलं की!"

दादासोचं खेचरसुद्धा जगलं होतं.

ती गेल्यावर ते काठी टेकत बोळ ओलांडून गेले. दाराला कुलूप होतं. किल्लीच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, वाळून खडखडीत झालेलं. खिडकीच्या फटीतून खाट दिसली. शेजारी स्टूल. खाटेवर निळ्या चौकटींची चादर, चारी कोपरे पलटणीत घालतात तसे घट्ट घातलेले.

घरी आले, तर त्यांच्या खाटेवर नुसती गादी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेल्यात पाणी होतं, कवळी नव्हती. त्यांनी खाटेखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, चपलांतही पाहिलं. तरी दाढी केली.

अर्शिया बाराला आली. आज ती आधी पलीकडं जाऊन आली होती.

"बगा, आज चिक्की. म्हणाले, आता कडक बी चावतंय."

डब्यात अर्धी चिक्की होती. कडेला दातांची सबंध ओळ उमटलेली.

हंबीरराव ओरडले. तोंडातून नुसती हवा आली.

"काय म्हणालात, बाबा?"

ते पुन्हा ओरडले. पुन्हा हवा.

तेवढ्यात बोळापलीकडून त्यांच्याच आवाजात, अक्षर न् अक्षर सुटं, हाक आली.

"पोरी, ये गं. खेचराचं पुढचं राहिलंय."

अर्शियानं फॉर्मवर विचारपूस या शब्दापुढं बरोबरची खूण केली आणि ती उठली.

हंबीरराव दाराशी गेले. पलीकडं कुलूप तसंच होतं, भोकात माती तशीच. खाली तिची चप्पल.